परळची वाट

आमच्या खेड्यांतून एखाद्या घराविषयी “त्यांना परळला नेले” एवढे कोणी सांगितले, की ऐकणारा पुढे काही विचारीत नाही. रोगाचे नाव घ्यावयाची गरजच उरत नाही. बेळगावच्या सरहद्दीवरील गावे घ्या, गोमंतकातील वाडे घ्या, की थेट इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी वस्त्या घ्या. तीन अक्षरांच्या या नावात भीतीही आहे आणि आशाही आहे. परंतु ज्या स्थळाचे नाव आपण इतक्या हलक्या आवाजात घेतो, ते स्थळ आहे तरी कसे, तेथे माणसाला काय मिळते आणि तेथवर जाताना त्याला कोण कोण भेटते, हे आपल्या कुटुंबांतून क्वचितच सांगितले जाते. म्हणून आज वाचकांस आम्ही परळच्या वाटेने नेऊ इच्छितो.

दादरच्या दक्षिणेस, मध्य रेल्वेच्या पूर्वेकडील अंगास परळचा हा भाग पसरला आहे. एके काळी येथे गिरण्यांचे भोंगे वाजत. 1982 च्या संपानंतर ते एकामागून एक मुके झाले आणि त्यांच्या जागी आता उंच काचेच्या इमारती उभ्या आहेत. इस्पितळे मात्र आहेत तेथेच आहेत. 1926 साली सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय, लहान मुलांचे वाडिया रुग्णालय, टाटा स्मारक रुग्णालय आणि हाफकिन संस्था ही सारी एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत.

यांपैकी हाफकिन संस्थेच्या जुन्या वास्तूशी आपला कॅथलिक लोकांचा एक विसरलेला संबंध आहे. पोर्तुगीज अमदानीत तेथे जेझुइट संघाचा मठ होता. पुढे इंग्रजांनी तो घेतला आणि मुंबईचे गव्हर्नर त्यात राहू लागले. गव्हर्नर मलबार हिलकडे गेल्यावर 1899 साली त्याच वास्तूत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. मठ, राजवाडा आणि प्रयोगशाळा अशी तीन आयुष्ये एकाच दगडी इमारतीने पाहिली.

प्लेगच्या त्या दिवसांची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा रोगाच्या आधी अफवा धावल्या. इस्पितळात नेलेला माणूस तेथे मुद्दाम मारला जातो, असे लोक एकमेकांस सांगू लागले. त्या ऑक्टोबरात गिरणी-कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. लोक दुष्ट नव्हते, भ्यालेले होते. आणि भ्यालेल्या माणसास पहिल्याने ऐकलेला शब्द खरा वाटतो. पुढे 1897 च्या जानेवारीत डॉ. हाफकिन यांनी आपली लस तयार केली आणि ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. आपल्या शब्दास आपला देह जामीन ठेवणारा एक जण आणि कोणीच जामीन नसलेल्या हजार अफवा, असा तो सामना होता. सव्वाशे वर्षे लोटली, तरी परळच्या रस्त्यावर तो सामना अजून चाललेलाच आहे. फक्त रोग बदलला आहे.

टाटा रुग्णालयाचा जन्मही एका घरच्या दुःखातूनच झाला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशात वारल्या. ज्या घरात कशाची म्हणून वाण नव्हती, त्या घरालाही या रोगाला उत्तर सापडले नाही. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या विश्वस्तनिधीतून 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळास हे रुग्णालय उघडले. 1962 पासून ते भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. म्हणजे ते आता कोणा एका घराण्याचे राहिलेले नाही. तुमच्या-आमच्या करातून चालणारे, तुमचे-आमचेच झाले आहे.

रुग्णालयासमोरून जाणाऱ्या रस्त्याची पाटी आपल्या लोकांनी जरूर वाचावी. तीवर ‘डॉ. अर्नेस्ट बोर्जिस मार्ग’ असे नाव आहे. हे डॉक्टर बोर्जिस आपल्या गोमंतकाचे. याच रुग्णालयात त्यांनी शस्त्रवैद्य म्हणून आपले आयुष्य वेचले आणि गोरगरिबांचे डॉक्टर म्हणून कीर्ती मिळविली. बाहेरगावच्या रोग्यांना उतरण्यासाठी वांद्र्यास असलेल्या रुग्णालयाच्या निवासालाही त्यांचेच नाव आहे. आज देशाच्या कानाकोपऱ्यातून येणारा बिहारी, बंगाली, आसामी रोगी जेव्हा टॅक्सीवाल्यास पत्ता सांगतो, तेव्हा नकळत एका गोवेकर ख्रिस्ती माणसाचे नाव उच्चारतो. यापरते स्मारक ते कोणते?

आमचे परळास जाणे झाले ते गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस. खानापूर तालुक्यातील एका धर्मग्रामातील एक मावशी (त्यांचे नाव आम्ही येथे घालीत नाही) छातीतील गाठ दाखविण्यास बेळगावास गेल्या. तेथे सुईने तुकडा काढून तपासला आणि कर्करोग असल्याचे निदान झाले. मोठ्या ठिकाणी एकदा मत घ्यावे असे घरच्यांनी ठरविले. फादरांनी आम्हांस सोबत जाण्यास सांगितले. मावशींची मुलगी, त्यांचे धाकटे दीर, पुतण्या आणि आम्ही असे पाच जण लोंढ्यास आगगाडीत चढलो आणि बेळगाव, मिरज, पुणे करीत दादरच्या वाटेस लागलो.

निघण्यापूर्वीच्या आठवड्यात त्या घरी जे सल्ले जमले होते, त्यांची एक निराळी पिशवी भरली असती. कोणी म्हणे, गाठीला सुरी लावू देऊ नका, लावली की रोग अंगभर उधळतो. कोणी म्हणे, साखर बंद करा, रोग उपाशी मरतो. पुतण्याच्या मोबाईलवर एका दिवसात नऊ संदेश आले. प्रत्येकात निराळा पाला आणि प्रत्येकाखाली “पुढे पाठवा” अशी आज्ञा. शेजारच्या एका घरून तर ताट आणि पेला वेगळा ठेवण्याची सूचना आली होती, जणू हा रोग उष्ट्या ताटाने लागतो! तो तसा लागत नाही. कर्करोगी माणसाच्या पंक्तीस बसावे, त्याचा हात धरावा, त्याच्या नातवंडांनी त्याच्या कुशीत निजावे. यात कोणतेही भय नाही.

गाडीतही सल्ल्यांस खंड नव्हता. मिरजेनंतर समोरच्या बाकावरील एक सज्जन गृहस्थ कळवळून म्हणाले, “अहो, सदाफुलीची पाने रोज चावून खायला द्या. त्यातूनच तर इंग्रजी औषध काढतात!” त्यांचे बोलणे अर्धे खरे होते आणि म्हणूनच पुऱ्या खोट्याहून अधिक धोक्याचे होते. आपल्या क्रुसांभोवती आणि अंगणांत फुलणाऱ्या सदाफुलीतून खरोखरच कर्करोगावरील दोन औषधे निघाली आहेत. जमैका बेटात मधुमेहावर या झाडाचा काढा घेत. त्याची पाने कॅनडातील नोबल आणि बिअर या दोघा संशोधकांनी तपासली. साखर काही उतरली नाही. परंतु रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात असे त्यांना दिसले आणि 1958 साली त्यांनी त्या द्रव्याची माहिती जगापुढे ठेवली. त्याच झाडातील दुसऱ्या द्रव्याने पुढे रक्ताचा कर्करोग झालेल्या कितीतरी बालकांस हात दिला. पण ते औषध मिलिग्रॅमने मोजून, शिरेतून, रक्ताची तपासणी करून देतात. मात्रा थोडी वाढली तर हातापायांच्या नसा दुखावतात. चावलेल्या पानात ते किती आहे हे कोण मोजणार? झाडात औषध आहे म्हणून झाड हेच औषध होत नाही.

दादरला उतरून परळास पोचलो तेव्हा उजाडले होते. रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथावर निळ्या प्लास्टिकच्या आडोशाला कुटुंबेच्या कुटुंबे पथाऱ्या टाकून होती. कोणाच्या हाती क्ष-किरण चित्रांचे मोठे पाकीट, कोणाच्या तोंडाला फडके, कोणी मूल मांडीवर घेऊन नंबराची वाट पाहत आहे. बाहेरगावच्यांना दादर पूर्वेस संत गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत व इतर काही संस्थांत अल्प खर्चात आसरा मिळतो. पण मागणाऱ्यांची रांग मोठी आणि जागा थोडी. ज्याला लिहिता-वाचता येत नाही असा माणूस या गर्दीत दोन गोष्टींचा भुकेला असतो, एक भाकरीचा आणि दुसरा खात्रीच्या शब्दाचा. पहिली भूक भागविणारे पुण्यवंत तेथे पुष्कळ दिसले. दुसऱ्या भुकेवर डोळा ठेवणारे मात्र वेगळ्या जातीचे होते.

दाराबाहेर आम्ही उभे असता एक नीटनेटका गृहस्थ जवळ आला. आत वर्ष वर्ष नंबर लागत नाही, केस गळतात, माणूस हाडांचा सापळा होतो, असे सांगून त्याने काही पुड्या दाखविल्या. चाळीस दिवसांत गाठ विरघळणार. पाच हजार रुपये. पुतण्याचा हात खिशाकडे गेला. त्या क्षणी, प्रवासभर मुक्या बसलेल्या मावशी म्हणाल्या, “यात काय हाय ते कागदावर लिहून द्या की वो. खाली तुमचं नाव आन् गावबी घाला.” त्या गृहस्थाने पुड्या पिशवीत घातल्या आणि पलीकडच्या कुटुंबाकडे तो निघून गेला. ज्यांची शाळा चौथीतच सुटली त्या बाईने विचारलेला तो प्रश्न आम्ही मनात जपून ठेवला आहे.

आत नोंदणी झाली, फाईल मिळाली, आणि वाट पाहणे सुरू झाले. तेथे प्रथम मागतात ते तपासणीचे कागद; आणि केवळ कागद नव्हे, तर ज्या काचपट्ट्यांवर तुकडा पाहिला त्या पट्ट्या आणि ज्या मेणात तो तुकडा जपून ठेवला तो ठोकळाही. त्याला तेथे ‘स्लाईड’ आणि ‘ब्लॉक’ म्हणतात. दुसऱ्या डॉक्टरांनी तोच तुकडा आपल्या डोळ्यांनी पुन्हा पाहावा, म्हणजे एकाची नजर चुकली तर दुसऱ्याच्या नजरेस येते. हा वस्तू रोग्याच्या हिताच्या आहेत. गावच्या प्रयोगशाळेतून त्या मागून घ्याव्यात. आमच्या शेजारच्या बाकावर विदर्भातील एक शेतकरी बसले होते. त्यांना ही गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती. ब्लॉक आणण्यास त्यांच्या मुलाला सातशे-आठशे किलोमीटर उलट जावे लागले.

डॉक्टरीणबाईंसमोर बसण्याची वेळ आली, तेव्हा दीर पुढे होऊन हळूच म्हणाले, “वहिनींना काही सांगू नका, बाई. त्या खचतील.” आपल्याकडे हे प्रेमापोटीच होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांचे ऐकून घेतले आणि मग मावशींकडे वळून विचारले, “मावशी, तुमच्या आजाराविषयी सारं तुम्हांला सांगू, की घरच्यांना सांगू? तुमची इच्छा काय?”

मावशी म्हणाल्या, “गाठ माझ्या अंगात हाय. मलाच सांगा.”

मग त्या बाईंनी एका कोऱ्या कागदावर चित्र काढले. गाठ येथे आहे, काखेत ती एवढी पोचली आहे, फुप्फुस आणि यकृत यांत पोचलेली दिसत नाही. याला रोगाचा टप्पा म्हणतात. तुकड्याच्या तपासणीत असे दिसते, की ही गाठ शरीरातील एका स्त्री-संप्रेरकावर पोसली जाते. म्हणून पुढे काही वर्षे रोज एक गोळी घेऊन ती वाट बंद करता येईल. आधी शिरेतून औषध देऊन गाठ लहान करू, मग शस्त्रक्रिया, मग किरणोपचार. केस जातील आणि पुन्हा येतील. मळमळ होईल, तिच्यावर गोळ्या आहेत. ताप आला तर मात्र रात्र असो की रविवार असो, घरी थांबू नका. त्या दिवसांत अंगातील प्रतिकारशक्ती उतरलेली असते. साखर बंद करून रोग उपाशी मरत नाही, आपणच मरगळता. पोटभर जेवा, डाळ, अंडी, मासळी खा. सुईने तुकडा काढल्याने रोग पसरतो ही भीती डॉक्टरांच्या अनुभवाने खोटी ठरविली आहे. रोग पसरतो तो वाया गेलेल्या महिन्यांमुळे.

मुलीने विचारले, “आई किती वर्षं जगेल?” डॉक्टरीणबाई थोडा वेळ थांबून म्हणाल्या, “तो आकडा माझ्याजवळ नाही. यांच्यासारख्या पुष्कळ जणींचं काय झालं ते मी सांगू शकते, आणि ते बरंच आशेचं आहे. पण यांचं एकटीचं काय होईल, ते मला ठाऊक नाही.”

बाहेरच्या गृहस्थाला सारे ठाऊक होते. चाळीस दिवस हा आकडासुद्धा ठाऊक होता. आतल्या बाई आपल्या ज्ञानाची कड कोठे संपते ते सांगत होत्या. खरा शब्द ओळखण्याची याहून चांगली खूण आम्हांस ठाऊक नाही.

“पुष्कळ जणींचे काय झाले” हे ज्ञान तरी येते कोठून, हेही आपल्या लोकांनी जाणून घ्यावे. ते केवळ विलायतेतून येत नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस 1987 साली खेड्यांतील कर्करोग्यांची नोंदवही सुरू झाली. आपल्या देशातील ग्रामीण भागाची ती पहिली. त्यालगतच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्यास आज धाराशिव म्हणतात, गावांचे 52 गट पाडून 1,31,746 स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी अभ्यास झाला. कोणत्या तपासणीने अधिक जीव वाचतात हे वर्षानुवर्षे मोजले गेले. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या रोगास कारण होणाऱ्या विषाणूची चाचणी एकदा केली, तरी त्या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात, असे दिसून आले. साऱ्या जगाने ते मानले. ते ज्ञान आपल्या मराठी खेड्यांतील शेतकरणींनी आणि मजूर बायांनी जगाला दिलेले आहे. “अमक्याच्या मामाला गुण आला” या वाक्यात आणि या मोजणीत जे अंतर आहे, ते ध्यानात ठेवावे. मामाला गुण आला असेलही. परंतु ज्यांना आला नाही, त्यांची मोजदाद कोणी केली?

उपचार ठरेपर्यंत मध्ये एक रविवार आला. मावशींच्या इच्छेवरून आम्ही वांद्र्याच्या टेकडीवर मोत मावलीच्या दर्शनास गेलो. मंदिराबाहेर मेणाचे हात, पाय, डोळे, बाहुल्या विकावयास मांडलेल्या असतात. ज्याला जेथे दुःख, तो ते अंग मातेपुढे वाहतो. तेथे हिंदू, पारशी, मुसलमान सारेच येतात. मावशींनी मेण वाहिले, जपमाळ केली. परत येताना मुलीने विचारले, “काय मागितलंस, आई?” त्या म्हणाल्या, “त्या डॉक्टरीणबाईचा हात धड राहू दे म्हणून मागितलं.” प्रार्थना आणि उपचार यांचे भांडण लावणाऱ्यांनी हे उत्तर ऐकावे. सिराखपुत्राच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात तर वैद्याचा मान राखण्यास स्पष्ट सांगितले आहे, कारण वैद्यही देवानेच नेमला आणि औषधी भूमीतून त्यानेच उपजविल्या. आपल्या चार शुभवर्तमानकारांपैकी संत लूक हे परंपरेने वैद्यच मानले गेले आहेत.

त्याच टेकडीवर ‘शांति आवेदना सदन’ आहे. ज्यांचा रोग आता बरा होणार नाही अशा कर्करोग्यांसाठी 1986 साली ते उघडले. आपल्या देशातील अशा प्रकारचे ते पहिलेच. होली क्रॉसच्या धर्मभगिनी तेथे शुश्रूषा करतात. गोव्यातही लोटली येथे त्याची शाखा आहे. खरा शब्द नेहमीच गोड नसतो. काहींना “आता बरे होणे नाही” असे ऐकावे लागते. पण त्यापुढचेही एक खरे वाक्य आहे, आणि ते न सांगितल्याने आपल्या खेड्यांत किती माणसे विव्हळत गेली असतील! ते वाक्य असे: रोग बरा झाला नाही तरी वेदना कमी करता येते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोंडाने घ्यावयाच्या मॉर्फिनने कर्करोगाची कळ आवरता येते आणि तेवढ्याने माणूस व्यसनी होत नाही. 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन हे औषध रुग्णालयांस मिळविणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे. वेदनेने तळमळणाऱ्या आप्तासाठी ते मागण्यात संकोच बाळगू नये.

आमच्या मावशींना मात्र आठ दिवसांत परत पाठविले. उपचाराची सारी योजना लिहून दिली आणि औषधे बेळगावासच घ्या असे सांगितले. आम्हांस प्रथम वाटले, मोठ्या ठिकाणाने झिडकारले की काय! पण तसे नव्हते. 2012 पासून देशातील शेकडो कर्करोग केंद्रे एका राष्ट्रीय जाळ्यात जोडलेली आहेत आणि कोणत्या रोगास कोणता उपचार याची समान मार्गदर्शिका त्यांच्यापाशी आहे. प्रत्येक सुईसाठी परळ गाठण्याची गरज नाही. गोमंतकीयांना बांबोळीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, कर्नाटकातील लोकांना बंगळूरची किदवाई संस्था, हैद्राबादकरांना मेहदी नवाज जंग रुग्णालय, बडोद्याच्या लोकांना अहमदाबादचे कर्करोग रुग्णालय. अशा ठिकाणी समाजसेवा विभाग असतो. पैशांची अडचण, सरकारी योजनेचे कार्ड, उतरण्याची सोय यांविषयी तेथील माणसे खरे ते सांगतात आणि सांगण्याचे पैसे घेत नाहीत. दाराबाहेरच्या मध्यस्थास विचारण्यापूर्वी आत जाऊन त्यांना विचारावे.

निदान झाल्याच्या पहिल्या आठवड्यात घरात जो गोंधळ उडतो, त्यात काय करावे, हे या प्रवासातून आम्ही शिकलो ते थोडक्यात सांगतो. सारे कागद तारीखवार एका फाईलीत लावावे आणि मूळ प्रत कोणाच्याही हाती सोडू नये. घरातील एका शहाण्या माणसाने वही घेऊन डॉक्टरांकडे बरोबर जावे आणि प्रश्न आधीच लिहून न्यावे: रोग कोणता, टप्पा कोणता, उपचाराचा हेतू रोग बरा करणे हा आहे की त्रास कमी करणे हा, त्याने काय साधेल, काय बिघडू शकेल, दुसरा मार्ग कोणता आहे, खर्च किती, आणि काय झाले असता धावत यावे. न समजलेला शब्द पुन्हा विचारण्यात लाज नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा पहिल्याचा अपमान नव्हे. गावठी औषध चालू असेल तर तेही डॉक्टरांपासून लपवू नये, कारण दोन औषधे अंगात भांडली तर भोगावे रोग्यासच लागते. आणि जो कोणी नवा उपाय घेऊन येईल, त्याला मावशींचा प्रश्न विचारावा: यात काय आहे, ते लिहून खाली नाव घालाल का?

मार्कच्या शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या एका स्त्रीची कथा आहे. अनेक वैद्यांच्या हातून तिने पुष्कळ सोसले, जवळचे सारे खर्चिले, आणि गुण तर नाहीच, उलट तिचे दुखणे वाढले. ती गर्दीतून वाट काढीत प्रभूच्या वस्त्रास शिवली. तिला बरे केल्यावरही प्रभूने तिला तशीच गुपचूप जाऊ दिले नाही. मला कोण शिवले असे विचारून त्याने तिला पुढे बोलाविले, आणि तिने सारी खरी हकीकत त्याला सांगितली. ती हकीकत प्रभूने घाई न करता ऐकून घेतली. रोग्याचे ऐकणे आणि रोग्यास खरे सांगणे, ही दोन्ही त्याच्याच सेवेची अंगे आहेत.

मावशींची शिरेतून द्यावयाची औषधे बेळगावास पुरी झाली, शस्त्रक्रिया झाली, किरणोपचारही झाले. आता त्या रोजची गोळी घेतात आणि ठरल्या तारखेस तपासणीस जातात. पुढचे देवास ठाऊक. डोक्यावर केस पुन्हा आले आहेत, पहिल्यापेक्षा कुरळे. गेल्या लेंटमध्ये शेजारच्या गावातील एका बाईस गाठ निघाली, तेव्हा तिच्या घरच्यांनी मावशींकडे विचारणा केली. मावशींनी त्यांना कोणतेही औषध सांगितले नाही. आपली फाईल उघडून त्यांनी डॉक्टरीणबाईंनी काढलेले ते चित्र दाखविले, कागद कसे लावायचे ते दाखविले, ब्लॉक मागून घेण्यास बजावले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने त्या स्वतःच त्या बाईसोबत बेळगावास गेल्या.